दोन बोटांमधली जागा

सन एकोणीसशे बारा. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, म्हणजे बाप सांगायचा त्या हिशेबाने. जन्म कोणी लिहून ठेवलेला नाही. जव्हार संस्थानच्या कचेरीत मी पट्टेवाला होतो. त्याच कचेरीत खिडकीपाशी एक गृहस्थ बसत. ते डाव्या हाताची दोन बोटं फाकवून समोर धरत, उजव्या हाताचं एक बोट अलगद त्यांच्यामध्ये ठेवत आणि म्हणत, "इथं. दुसरीकडे कुठं नाही. इथं."

नव्या माणसाला वाटे, हे नखं बघतायत की काय. तुम्हांलाही तसंच वाटलं असतं.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. नाव मी लिहीत नाही. त्यांचं कोणी कुठं असलं तर हे वाचून त्याने मनाला लावून घेऊ नये. मास्तर इथं कोणाला शिकवत नव्हते. पूर्वी घाटावर, नाशिकच्या बाजूला कुठल्याशा शाळेत होते, तेवढ्यावरून नाव चिकटलं. आमच्या कचेरीत त्यांचं काम म्हणजे इंग्रजी कागद. रोजचा कारभार मराठीत चाले, पण मोठ्या मंजुरीचा कागद वरच्या साहेबाकडे जायचा आणि तो इंग्रजीत जावा लागे. शिरस्तेदार मराठीत मजकूर सांगत, मास्तर त्याचं इंग्रजी करत, मी लखोटा डाकेत टाकत असे. झालं.

पण मास्तरांच्या हातून कागद लवकर सुटत नसे. लिहून झाला की तो मोठ्याने वाचायचा, आणि वाचायचा तर ऐकायला कोणीतरी हवं. शिरस्तेदार वैतागून उठून जात. मग राहिलो मी.

माझी दुसरी यत्ता झालेली. इंग्रजीचं अक्षर मला आजही ओळखू येत नाही, आणि येत नाही म्हणून माझं काही अडलंही नाही. पण गाणं न समजता चाल कळते, तसं मला त्या भाषेचं झालं.

"ऐक," मास्तर म्हणायचे. "मे बी ग्रँटेड. म्हणजे, मंजूर केलं जावं. आता यात 'काइंडली' बसवायचंय. कृपा करून. कुठं बसवशील?"

"सगळ्यात पुढं. मेहेरबानीचं आधी बोलावं."

"पुढं बसवलं की दारोदार मागणाऱ्यासारखं वाटतं."

"मग शेवटाला टाका."

"शेवटाला म्हणजे उंबऱ्यातून परत फिरून, हो, कृपाही करा, असं म्हटल्यासारखं." मग ती दोन बोटं वर यायची. "हा 'मे'. हा 'बी'. मध्ये फट आहे बघ. मे काइंडली बी ग्रँटेड. बसलं की नाही?"

बसलं होतं खरं. मला अर्थ ठाऊक नसतानाही ते बसल्यासारखं वाटायचं.

एकदा मी म्हटलं, "मास्तर, मग सगळेच शब्द त्या फटीत कोंबा ना."

ते टाक खाली ठेवून माझ्याकडे वळले. असं कोणी विचारलं की त्यांच्या तोंडावर तेज यायचं. "नाही रे. काही शब्द दारात उभे राहणारे असतात, काही चुलीपाशी बसणारे. कृपा करून, ताबडतोब, कधीही नाही, हे दारातले. ते 'मे' आणि 'बी'च्या मध्ये उभे राहतात. पण काम कसं करायचं ते सांगणारे, नीट, काळजीने, हे चुलीपाशी हवेत. त्यांना 'बी' ओलांडून आत घ्यायचं आणि कामाच्या शब्दाला खेटून बसवायचं. मे बी केअरफुली एक्झामिन्ड."

"आणि दारातला चुकून चुलीपाशी बसला तर?"

"साहेबाला अर्थ कळेल. पण भातात खडा लागल्यासारखं होईल."

"साहेब भात खातो का पण?"

यावर मास्तर हसले. हसले म्हणजे नाकातून हवा सोडली. त्यांचं हसणं तेवढंच होतं.

डाकवाला दारात ताटकळत उभा असे. "मास्तर, ऊन चढलं. वाटेत रान आहे."

"एक शब्द बसायचा राहिलाय."

"तो तिथं पोचून बसेल," डाकवाला म्हणे. मास्तर ऐकत नसत. एकेका शब्दापायी डाक दुसऱ्या दिवसावर गेली आहे आणि शिरस्तेदारांनी माझ्यावर डोळे काढले आहेत. मास्तरांवर काढता येत नसत, कारण दुसरं कोणी इंग्रजी लिहिणारं नव्हतं.

आम्ही दोघे पट्टेवाले पायरीवर अंतर ठेवून बसलेलो असलो की मास्तर यायचे, धोतर सावरून बरोबर आमच्या मध्ये बसायचे आणि म्हणायचे, "आज मी काइंडली." आमच्यात असं बसणारा शिकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बिऱ्हाडी ते एकटेच होते. बायको इथल्या हिवतापाला भिऊन माहेरी राहिली होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत.

माझं गाव सूर्यमाळ. जव्हारपासून मोखाडा, खोडाळा करत डोंगर चढून जायचं, दोन दिवसांची वाट. आमचा पाडा पार टोकाला. पावसात तिथं पाण्याला तोटा नाही, अंगावर शेवाळ धरेल इतका पाऊस. पण शिमगा झाला की पाणी कुठं जातं ते डोंगरालाच माहीत. मग ओढ्याच्या पोटात खड्डा करायचा, त्याला आम्ही झिरा म्हणतो, आणि त्यात पाणी पाझरायची वाट बघत बसायचं. करवंटीने भरायचं. एक हंडा भरेतो सावली इकडची तिकडे होते.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाय म्हणायचो, तिचं सासर माहेर दोन्ही त्याच पाड्यात. तिचे गुडघे गेले होते. त्या वर्षी दसऱ्याला ती जव्हारला आली, दरबारची मिरवणूक बघितली, आणि माझ्या खोलीत येऊन पाय पसरून बसली. मास्तर तिथं सुपारी मागायला आले होते.

"हेच का ते साहेबाशी बोलणारे?" बायने मला विचारलं.

"बोलत नाय. लिवतात."

"मग लिवा," ती मास्तरांकडे वळून म्हणाली. "आमच्या पाड्याला हीर पायजे. या उन्हाळ्याला मी झिऱ्यावर उतरली, पुढच्या उन्हाळ्याला माझं गुडघं उतरायचं नाय. खाली कोनाच्या तरी बांधावर जाऊन राहायला लागल. मी गेली की बाकीच्या म्हाताऱ्या पन जातील. पाडा उठंल."

मास्तर सुपारी कातरायची विसरले. घाटावरच्या माणसाला पाण्याचं दुःख कळतं. "लिहू," ते म्हणाले. "आणि असं लिहू की साहेबाला नाही म्हणता येणार नाही."

तो अर्ज त्यांनी किती दिवस घोटला ते विचारू नका. दिवाळी झाली तरी चालूच. बाय पाड्यावर परतण्याआधी त्यांनी पहिला खर्डा तिला वाचून दाखवला होता. आधी इंग्रजी, मग मराठी. "सूर्यमाळच्या पाड्यावर एक विहीर कृपा करून खणली जावी."

"माझं नाव घातलंय का त्यात?" बायने विचारलं.

"नाव घालत नाहीत, बाई."

"मग साहेबाला कसं कळल, पानी कोनाला हवंय?"

"पाड्याला हवंय असं लिहिलंय."

"आनि खननार कोन?" हे मी विचारलं. गावची माणसं समोर असली की माझी भाषा गावची होते.

"ते आपण सांगायचं नसतं," मास्तर म्हणाले. "साहेबाला अमक्याने तमकं करा असं सांगतात का? खणली जावी. अर्जात माणूस नसतो रे, काम असतं आणि विनंती असते. बघ, मे काइंडली बी डग." बोटं वर आली. ती फट बघून बायला हसू आलं. मलाही पुढं विचारावंसं वाटलं नाही. शब्द कानाला गोड लागला होता.

पौषात मंजुरी आली. मास्तरांनी लखोटा फोडला आणि उभेच राहिले. साहेबाने नुसतं होय म्हटलं नव्हतं, त्याच्या कागदातही "ताबडतोब" हा शब्द मास्तरांनी बसवला असता तिथंच बसला होता. मे ॲट वन्स बी डग. त्या दिवशी मास्तरांनी गूळ-शेंगदाणे आणवले आणि शिरस्तेदारांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या हातावर ठेवले. "ताबडतोब म्हटलंय," प्रत्येकाला सांगत होते. "मध्ये घातलंय. मध्ये घातलेला शब्द टळत नाही."

मला त्याच आठवड्यात लखोटे घेऊन वाडा गावाच्या बाजूला पाठवलं. मी परत आलो तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तुम्ही आजची माणसं, तुम्हांला वेठ म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या काळी साऱ्या मुलखात ही रीत होती. वरून कोणी पट्टेवाला, मुकादम डोंगरावर आला की तो माणसं धरायला आलेला असे. रस्त्याला, ओझ्याला, साहेबाच्या शिकारीला. मजुरी नाही. त्यामुळे पाड्यांनी आपली एक रीत लावून घेतली होती. वरच्या खडकावर गुरं राखणाऱ्या पोरीने शीळ घातली की चुलीवरचं चुलीवर ठेवायचं आणि रानात जायचं. लेकरं, म्हाताऱ्या, सगळी. पट्टा दिसेनासा होईतो परत यायचं नाही. मीही लहानपणी असाच करवंदीच्या जाळीत तासन्‌तास बसलेलो आहे. आणि पुढं मीच पट्टा बांधला. पोटाला लागतं.

तर मुकादम दोन पट्टेवाले, दोरखंड, कुदळी आणि फावडी घेऊन सूर्यमाळला गेला. विहिरीची जागा बघायला. पोरीने लांबून पट्टे बघितले, दोरखंड बघितला, आणि शीळ घातली.

मुकादम पाड्यात पोचला तेव्हा तिथं एक कोंबडी होती. त्याने हाका मारल्या, वाट बघितली, चूल गार होती की गरम हे काही बघितलं नाही, आणि परत आला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने जे बघितलं ते लिहून दिलं. वस्ती आढळली नाही, सबब विहिरीचं प्रयोजन नाही.

आणि त्याचं इंग्रजी मास्तरांनीच करायचं होतं.

मी वाड्याहून आलो तेव्हा ते तेच करत बसले होते. मी नेहमीसारखा समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वाचून दाखवलं नाही. मीच म्हटलं, "मास्तर, आज वाचत नाही?"

तेव्हा त्यांनी हळू आवाजात वाचलं. "द वर्क मे देअरफोर बी ड्रॉप्ड." मग मराठीत सांगितलं. "सबब, काम सोडून दिलं जावं. सूर्यमाळचं."

"पण पाडा आहे. मी तिथला आहे."

"ते मला ठाऊक आहे रे. शिरस्तेदारांनाही सांगितलं. ते म्हणतात मुकादम जाऊन आलाय, तुम्ही गेला होतात का?" त्यांनी शाई सुकायला कागदावर वाळू टाकली, झटकली. "बरोबर आहे त्यांचं. मी कधी वर गेलोच नाही."

शिमग्याच्या सुट्टीला मास्तर माझ्याबरोबर निघाले. मी नको म्हटलं, त्यांच्या पायांत ताकद नव्हती, पण मी हट्टी तसे तेही हट्टी. वाटेत पोशेऱ्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी चढणीला लागल्यावर त्यांनी काळा कोट काढून माझ्याकडे दिला, मग टोपी, मग छत्रीही. पाड्याच्या अलीकडे मी पट्टा सोडून त्याच बोचक्यात घातला. तरी वरून शीळ आलीच. नवं माणूस दिसलं की शीळ. मी ओरडून माझं नाव सांगितलं तेव्हा लोक एकेक करून झाडांतून बाहेर आले.

मास्तर ते बघत राहिले. रिकामं रान होतं आणि त्यातून माणसं निघत होती.

बाय झिऱ्यावर होती. तिला बसून बसून खाली सरकत उतरावं लागलं होतं. मास्तर तिच्या पलीकडे दगडावर बसले.

"बाई, विहिरीची माणसं आली होती. तुम्ही थांबला का नाहीत?"

"काय सांगू तुमाला," बाय करवंटी खाली ठेवून म्हणाली. "या भाऊनं निरोप धाडलेला, हीर होनार म्हनून. मला ठाव होतं. पन शीळ आली तशी मी पळाली. पाय आधी पळालं, आठवन मागून आली. तवर मी जाळीत. म्हटलं, हिरीचीच मानसं असतील. पन बाहेर कोन निघंल? बाकीची सगळी दाबून बसलेली. मी उठली असती तर सगळ्यांना दिसली असती."

"गुडघे दुखतात ना तुमचे?"

"दुखतात ना. पट्टा दिसला की दुखत नाय."

सगळ्या बायका हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बायकडून करवंटी घेतली आणि तिचा हंडा आपण भरायला बसले. अर्धा भरेतो त्यांची पाठ धरली. बाय म्हणाली, "राहू दे, मास्तर, तुमचं काम कागदाचं." हे ती मायेने म्हणाली. त्यांना ते कसं लागलं ते मला त्यांच्या तोंडावरून दिसलं.

परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "कागद इतक्या वरपर्यंत येत नाही रे."

चैत्रात साहेबाचा तंबू मोखाड्याला पडला. शिरस्तेदार, मास्तर, आम्ही पट्टेवाले, सगळे तिथं. मास्तरांनी ठरवलं होतं की या वेळी लिहायचं नाही, तोंडाने सांगायचं. इतकी वर्षं साहेबांना कागद लिहिले, पण साहेबाशी ते कधी बोलले नव्हते. दोन दिवस बडबडत होते. ओढ्यावर आंघोळीला गेले तरी ओठ हलत होते.

सकाळी साहेब तंबूबाहेर खुर्ची टाकून बसला होता. शिरस्तेदारांचं बोलणं संपलं, आणि त्यांनी निघायची खूण केली तरी मास्तर पुढं झाले. शिरस्तेदारांचा चेहरा उतरला. मी छत्री धरून मागं उभा होतो.

मास्तर बोलायला लागले. बोलणं सुरेख होतं. ती चाल मला पाठ होती, मे आलं, बी आलं, मध्ये शब्द बसले, एकही खडा नाही. साहेबही ऐकत होता. मध्येच त्याने काहीतरी विचारलं. अगदी छोटा सवाल. मास्तर थांबले. मग त्यांनी एक लांब वाक्य सुरू केलं. ते चाललं, चाललं. साहेबाचा चहा आला. साहेबाने कपात बघितलं, मग शिरस्तेदारांकडे बघितलं, आणि मान हलवली. ती हो म्हणून हलवली नव्हती, एवढं मला इंग्रजी न येता कळलं.

दुपारी आंब्याखाली बसलो तेव्हा मी विचारलं, "साहेबाने काय विचारलं?"

"विचारलं, तिथं कोण राहतं?"

"मग?"

"मी म्हणालो, त्या ठिकाणी वस्ती असल्याचं चौकशीअंती निःसंशय आढळून येईल."

मला राग आला. मी मास्तरांवर पहिल्यांदाच चिडलो. "बाय राहते म्हणायचं. शेजारची झिप्री राहते, तिचा नवरा राहतो, त्यांची गुरं राहतात. नावं घ्यायची. तुम्ही तिच्याकडून करवंटी घेऊन पाणी भरलंय."

"घ्यायचीच होती," मास्तर म्हणाले. "तोंडात होतं बायचं नाव. वाक्यात जागाच आली नाही रे."

त्यांनी जमिनीवर काडीने काहीतरी लिहिलं आणि पुसलं. मला ते वाचता आलं नसतंच.

यानंतर जे झालं ते पटकन झालं. आपल्याला ओलांडून कोणी साहेबाशी बोललं, हे शिरस्तेदारांना खपलं नाही. त्यांचाही दोष मी धरत नाही. ज्याच्या त्याच्या खुर्चीचं ज्याला त्याला राखावं लागतं. वैशाखात मास्तरांच्या हातात कागद पडला. नवा, परीक्षा झालेला इसम येणार, तुम्हांला मोकळं केलं जावं. शिरस्तेदारांनी तो स्वतः इंग्रजीत लिहिला होता, इतकी वर्षं वैतागून का होईना, मास्तरांचं कानावर पडलेलं ऐकून. मास्तरांनी उभ्याउभ्या वाचला. सवयीने त्यांची दोन बोटं वर आली. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो हात कोटाच्या खिशात घातला. "चांगलं लिहिलंय," ते शिरस्तेदारांना म्हणाले. शिरस्तेदार खिडकीबाहेर बघत होते.

मास्तरांना इगतपुरीला आगगाडी धरायची होती. वाट खोडाळ्यावरूनच. मी रजा घेतली आणि त्यांच्या सामानाच्या बैलगाडीबरोबर निघालो. ट्रंक एक, वळकटी एक, पितळी तांब्या. एवढ्या वर्षांचं बिऱ्हाड गाडीच्या एका कोपऱ्यात मावलं.

सूर्यमाळची पायवाट फुटते तिथं आम्ही थांबलो. दुपार कलली होती.

"चला वर," मी म्हटलं. "आजची रात पाड्यावर राहा. उद्या मी सोडतो."

"नको."

"बायला बरं वाटेल."

"कुठल्या तोंडाने येऊ? तिला म्हटलं होतं, साहेबाला नाही म्हणता येणार नाही."

मी हात धरला. मी सहजी सोडणारा नाही, हे माझ्या घरच्यांना विचारा. पण मास्तरांनी दुसऱ्या हाताने माझा हात हळूच बाजूला केला आणि गाडीवानाला चल म्हटलं. ते गाडीत बसले नाहीत, गाडीच्या मागून चालत गेले. छत्री उघडली होती. वळण आलं, आधी बैल गेले, मग ट्रंक, मग छत्री.

पुढं मला मास्तरांचं काही कळलं नाही. नाशिकच्या बाजूची माणसं भेटली की विचारायचो. असा असा माणूस, दोन बोटं अशी धरणारा. कोणी हसायचं, कोणी नाही म्हणायचं. मला एकच गोष्ट त्यांना कळवायची होती, आणि गाव कोणतं ते ठाऊक नसताना कळवणार कुठं?

त्या दिवशी तिन्हीसांजेला मी पाड्यावर पोचलो तेव्हा बायने माझ्या मागं बघितलं. "मास्तर कुठंय? खालून गाडीची घुंगरं ऐकू आली."

"गेले. कायमचे गेले. नोकरी गेली त्यांची."

"मंग वर का नाय आला? मी नागलीची भाकर थापली असती."

"म्हनाले, तोंड दाखवता येत नाय."

बाय उंबऱ्यावर बसली. बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "कसलं तोंड?" ती म्हणाली. "माझ्या या मोडक्या गुडघ्यापायी साहेबासमोर उभा राहिला. माझा बाप तरी राहिला असता का? आनि तू त्याला तसाच जाऊ दिलास? उचलून आनायचा होतास."

हेच मला कळवायचं होतं.

विहीर तशी पुढं आम्ही पाड्यातल्यांनीच खणली. सुरुंगाची दारू नव्हती, त्यामुळे कातळ लागला तिथं थांबावं लागलं. पाणी पावसानंतर चांगलं राहतं, शिमग्यानंतर तळाला जातं, पण वैशाखातही हंडाभर मिळतं, आणि उतरायला पायऱ्या आहेत. बाय तिच्यावर दहाएक उन्हाळे जगली. पाडा उठला नाही. मास्तरांच्या मनासारखी विहीर ती नव्हे. त्यांनी मागितलेली मोठी होती.

तर मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायच्या पडवीतली पहार घेतली, झिऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथं उन्हाळ्यातही उंबर हिरवा राहतो तिथं गेलो, आणि खणायला लागलो. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. आवाज ऐकून पाड्यातले गडी लांब उभे राहून बघत होते. ऊन वर आलं तेव्हा बाय आली. तिने हंडा खाली ठेवला, टोपली घेतली, खड्ड्याच्या काठाला बसली आणि माती ओढायला लागली.